वैलावरचे भांडे

कोल्हापूर म्हटले की पुण्यामुंबईच्या माणसाच्या डोळ्यांत आधी पाणी तरळते. ते प्रेमाचे नसते, तिखटाचे असते. तिकडे जाऊन आलेला माणूस परतल्यावर चार लोकांत सांगतो तो तांबड्या रश्श्याचा पराक्रम. किती वाट्या प्यालो, नाकाडोळ्यांतून कशा धारा लागल्या आणि तरीही कसे 'आणखी वाढा' म्हटले! त्या जिल्ह्याच्या स्वयंपाकाची एवढीच कीर्ती बाहेर पसरावी याचे मला नेहमी वाईट वाटते. तिखट काय, मिरच्या मिळतील तिथे कोणीही करील. कोल्हापूरकडच्या घरांचे खरे कसब निराळे आहे, आणि ते म्हणजे भांडे विस्तवावर ठेवून आपल्या कामाला निघून जाण्याचे. शेतात भांगलण चाललेली असते, म्हशींची वैरण चाललेली असते, आणि मनाच्या एका कोपऱ्यात घरचे भांडे हलके हलके रटरटत असते. गेल्या पौषात वारणानगरला पाच दिवस राहण्याचा योग आला. तेव्हा हे कसब मी जवळून पाहिले, आणि पोटभर खाल्लेही.

पुण्याहून बंगळूरच्या रस्त्याने गेले की कोल्हापूरच्या अलीकडे वाठार लागते. तिथे गाडी उजवीकडे वळली आणि दोन्ही बाजूंनी उसाने रस्ता दाबून धरला. पौषाचे दिवस म्हणजे तोडणीचे दिवस. उसाने लादलेल्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर यांच्या मागून आमची एस.टी. अशी काही निघाली होती, की आम्हीही कारखान्याच्या काट्यावर वजनाला निघालो आहोत असे वाटावे. डाव्या हाताला जोतिबाचा डोंगर दिसत होता. कोडोली आली की वारणानगर आलेच म्हणायचे, आणि डोळ्यांच्या आधी ते नाकाला कळते. हंगामात त्या साऱ्या आसमंतात तापल्या रसाचा आणि मळीचा एक गोडसर, थोडा आंबूस वास भरून राहिलेला असतो. पहिल्या दिवशी तो नकोसा वाटतो आणि तिसऱ्या दिवशी येईनासा होतो.

वारणा ही सह्याद्रीत उगम पावणारी नदी. चांदोलीच्या धरणातून ती खाली येते, कोल्हापूर आणि सांगली या दोन जिल्ह्यांची शीव सांभाळत वाहते आणि सांगलीजवळ हरिपूरला कृष्णेला मिळते. तिच्या काठच्या माळावर तात्यासाहेब कोरे यांनी १९५० च्या दशकात सहकारी साखर कारखान्याची मेढ रोवली, आणि त्या कारखान्याभोवती हे गाव उभे राहिले. १९६४ साली महाविद्यालय झाले, १९६८ साली दूध संघ झाला, पुढे ग्राहकांचा वारणा बाजार झाला, मुलांचा वाद्यवृंद झाला. वारणेचे श्रीखंड तर आता मुंबईच्या कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळते. या सगळ्याचे वर्णन पुष्कळांनी पुष्कळदा केले आहे, म्हणून मी त्यात शिरत नाही. मला सांगायचे आहे ते एका घराच्या परसदाराविषयी.

आमच्या सौभाग्यवतींच्या मावशीचे हे घर. गावापासून थोडे बाजूला, उसाच्या कडेला. चार म्हशी, दोन एकर ऊस, मुलगा कारखान्याचा सभासद, सूनबाई जवळच्या एका शाळेत शिक्षिका. मावशी सत्तरीच्या पुढच्या. घरात अर्थातच गॅसची शेगडी आहे, फ्रीज आहे, मिक्सर आहे. पण मागच्या पडवीत जुनी मातीची चूल अजून नांदते आहे, आणि मावशींनी माझ्यासारख्या शहरी जावयाला पहिल्याच दिवशी तिच्यासमोर पाटावर बसवले. "या जावईबापू, बसा. हितं ऊब हाय."

चूल आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेली असते, निदान चित्रात. पण चित्रांत वैल सहसा दाखवत नाहीत. चुलीच्या उजव्या अंगाला, तिला चिकटूनच, एक बुटके मातीचे बांधकाम असते आणि त्याला भांड्याच्या तळाएवढे गोल तोंड. चुलीतला जाळ आतल्या भोकातून या तोंडाखाली येतो, पण येता येता त्याचा दम गेलेला असतो. आग येत नाही, नुसती धग येते. हाच वैल. चुलीवर भाकरी, वैलावर आमटी. चुलीवर भात, वैलावर दूध. चुलीवरचे भांडे बाईला उठू देत नाही. वैलावरचे भांडे तिला शेताला जाऊ देते. सकाळी न्याहरीच्या भाकऱ्या थापून झाल्या की चुलीतली लाकडे ओढून घ्यायची, निखारे वैलाच्या तोंडाखाली सारायचे, वर दोन शेणी टाकायच्या, भांड्यावर झाकण आणि झाकणात पाणी. पुढचे तीन-चार तास घरात माणूस असण्याचे कारण नाही.

त्या दिवशी वैलावर आख्खा मसूर होता. वारणेपलीकडे, वाळवे तालुक्यातल्या इस्लामपूरला या मसुराची इतकी ख्याती आहे, की लोक तो खायला मुद्दाम वाट वाकडी करतात. कोल्हापूरकडेही तो तितकाच घरचा. रात्री भिजवलेला मसूर, कांदा, लसूण, थोडे खोबरे आणि घरची चटणी. (वाचकांनी घोटाळ्यात पडू नये, इकडे 'चटणी' म्हणजे आपली वाटलेली चटणी नव्हे. कांदा, लसूण आणि मसाले घालून वर्षभरासाठी कुटून ठेवलेल्या लाल तिखटाला इकडे चटणी म्हणतात. मी पहिल्या वेळी थोडी चटणी वाढा म्हटले तेव्हा मावशींनी माझ्याकडे आदराने पाहिले होते.) दुपारी बाराला मावशींनी झाकण काढले. मसुराचा दाणा न् दाणा शाबूत होता. साल फाटलेली नाही, पाण्यात पीठ उतरलेले नाही, आणि दाणा जिभेवर घेऊन टाळूला नुसता लावला की लोण्यासारखा विरघळतो. हाच मसूर आमच्या पुण्याच्या स्वयंपाकघरात कुकरच्या तीन शिट्ट्यांत शिजतो. शिजतो म्हणजे मोडतो. कुकरात पाणी सुमारे १२० अंशांवर उकळते, दाण्याच्या पोटात वाफ कोंडते आणि साल फुटते. वैलावर पाणी उकळीच्या अलीकडे, कडेकडेने बुडबुडे सोडत राहते. दाण्याला आतून आणि बाहेरून बरोबरीने मऊ व्हायला सवड मिळते. बस्, एवढाच फरक. पण जेवताना तो एवढासा राहत नाही.

रविवारी मटण झाले. पौष असल्यामुळे मार्गशीर्षातल्या गुरुवारांचा अडसर नव्हता. कोल्हापूरचा तांबडा आणि पांढरा रस्सा सर्वांना ठाऊक असतो, पण या दोघांची आई कोण हे बाहेर फारसे ठाऊक नसते. तिचे नाव अळणी. मटण धुऊन, हळद, मीठ, आले, लसूण आणि चिरलेला कांदा लावून पातेल्यात घालायचे आणि भरपूर पाण्यात मंदपणे शिजू द्यायचे. तिखट अजिबात नाही. दोन-अडीच तासांनी जे पाणी तयार होते ते अळणी. मग त्यातलेच थोडे तिखटाकडे जाते, तो तांबडा. थोडे नारळाचे दूध, खसखस, तीळ, काजू यांच्याकडे जाते, तो पांढरा. पांढऱ्याला नारळाचे दूध घातल्यावर उकळी फुटू द्यायची नाही, नाहीतर तो फाटतो. हे मावशींनी मला तीनदा बजावले, जणू मी पुण्याला गेल्या गेल्या पांढरा रस्सा लावणार होतो.

तिखटात हात घालायच्या आधी घरातल्या लहान मुलांना एकेक वाटी अळणी मिळते. त्या दिवशी एक वाटी माझ्याही वाट्याला आली. सोनेरी पाणी, वर तुपासारखे तरंगणारे चार थेंब, आणि ओठ एकमेकांना किंचित चिकटावेत असा त्याचा गुण. हा चिकटपणा कुठून येतो? बोकडाच्या सांध्यांत आणि स्नायूंच्या आवरणांत जे चिवट द्रव्य असते, ते पाण्यात सावकाश तापत राहिले की त्याचे जिलेटिन होते, आणि ते रश्श्यात उतरते. म्हणून या कामाला मऊ, महागडे तुकडे लागत नाहीत. नळी, मान, खांदा हेच लागतात. कुकरातही जिलेटिन सुटते, ते प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण घाईच्या उष्णतेने मांसाचे धागे आवळतात आणि आपले पाणी पिळून टाकतात. मग रस्सा चांगला होतो आणि मटण चघळत बसावे लागते. वैलावरच्या मटणात दोन्ही साधते.

मी हे सगळे रंगून बोलत होतो आणि चूल, धग, जुने दिवस यांची स्तुती करत होतो. वहिनी पलीकडे वह्या तपासत बसल्या होत्या. त्यांनी लाल पेन्सिल खाली ठेवली.

"दाजी, तुम्ही पाच दिवस खाणार नि जाणार," त्या म्हणाल्या. "आत्तींनी चाळीस वर्षं धूर गिळलाय. सकाळी उठल्यावर त्या कशा खोकतात ते ऐकलंय का तुम्ही? डोळ्याचं ऑपरेशन झालंय दोन्ही. मी ह्या घरात आले ती अट घालूनच आले, गॅस पाहिजे म्हणून."

मावशींनी वाद घातला नाही. "खरं हाय तिचं," एवढेच म्हणाल्या, आणि थोड्या वेळाने, "पर गॅसवर मसूर असा हुईत न्हाई."

त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही. जेवण जड झाले होते हेही एक कारण असेल. स्वयंपाकघरातल्या धुराने फुप्फुसे आणि डोळे यांचे किती नुकसान होते हे आता सर्वमान्य आहे. २०१६ साली केंद्र सरकारने उज्ज्वला योजना काढली ती त्याचसाठी. आणि चुलीवरच्या चवीचे गोडवे गाणारे बहुधा चुलीपासून चार हात लांब, पाटावर बसलेले पुरुष असतात. पण मावशींचे वाक्यही खोटे नव्हते. आणि विचार करता करता एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. वैल हा काही स्वतंत्र विस्तव नव्हे. चूल पेटते म्हणून वैल तापतो. भाकरीसाठी जाळ करायचाच होता. त्यातली जी ऊब वाया जायची, तिच्यावर मसूर फुकटात शिजत असे. मंद आचेचे जेवण हा या घरांत चोखंदळपणा नव्हता, काटकसर होती. गॅस आला आणि ती उरलेली ऊब नाहीशी झाली. भाकरी झाली की खटका बंद! आता मसूर तीन तास शिजवायचा म्हणजे तीन तास सिलिंडर जाळायचा. जे पूर्वी घरात सर्वांत स्वस्त होते, ते एकाएकी सर्वांत महाग होऊन बसले. वहिनी कुकर लावतात तो चव कळत नाही म्हणून नव्हे. हिशेब कळतो म्हणून.

दुधाची गोष्ट याहून पुढची आहे. मावशी लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा दूध संघ निघून थोडीच वर्षे झाली होती, आणि त्यांच्या सासूच्या तोंडी आधीच्या काळच्या आठवणी असत. त्या काळी दूध पैसे आणत नसे. म्हशीने दिलेले दूध गावाबाहेर नेणार कोण? नासायच्या आत त्याचे काहीतरी करायलाच हवे. म्हणून घरोघर दुधाचे गाडगे वैलावर चढे, आणि शेणीच्या धगीवर दिवसभर तापत राही. संध्याकाळपर्यंत दुधाला फिक्कट गुलाबी रंग येई, वर भाकरीएवढी जाड साय धरे आणि तळाला खरपूस खरवड. दुधातली साखर आणि प्रथिने मंद उष्णतेत तासन् तास एकत्र राहिली की हा रंग आणि वास येतो. घाईच्या उकळीने तो साधत नाही, दूध नुसते उतू जाते. त्या सायीचे विरजण, त्याचे लोणी, लोण्याचे तूप. पंजाब-हरियाणात यासाठी शेणीचा खास चुलाणा असतो, त्याला 'हारा' म्हणतात. आपल्याकडे वैलावरच भागत असे. याच जिल्ह्यात नरसोबाच्या वाडीला जाणारा यात्रेकरू बासुंदी आणि पेढे घेतल्याशिवाय परतत नाही. कुरुंदवाडची बासुंदीही तशीच नावाजलेली. आटवणे ही मुळात दूध टिकवण्याची युक्ती होती. तिची मिठाई मागाहून झाली.

आता वस्तीजवळच्या दूध संस्थेत सकाळ-संध्याकाळ दूध जाते. यंत्र फॅट सांगते, चिठ्ठी हातात पडते, दहा दिवसांनी बिल होते. त्या बिलावर या घरातल्या पोरीचे शिक्षण चालले आहे, आणि वहिनींची दुचाकीही त्यातूनच आली. घरात ठेवतात ते दीड लिटर, चहाला आणि पोरांना. "दोन लिटर आटवून अर्धा लिटर करायचं, ते मनाला येत न्हाई आता," मावशी म्हणाल्या. "बिलात दिसतंय की ते." मला वाटते, बासुंदी दुर्मिळ होण्याचे इतके खरे कारण कोणत्याही पाककलेच्या पुस्तकात दिलेले नाही. आपण म्हणतो, लोक आळशी झाले, बायकांना वेळ नाही. वारणाकाठी तसे काही झालेले नाही. दुधाला भाव आला, एवढेच झाले, आणि तो यावा म्हणून तर तात्यासाहेबांच्या पिढीने जिवाचे रान केले होते.

चौथ्या दिवशी मावशींच्या मुलाबरोबर कारखाना पाहायला गेलो. साखर कारखाना हे माझ्या मते नवख्या माणसाने आयुष्यात एकदा पाहावे असे प्रकरण आहे, मात्र कानात कापूस घालून. गव्हाणीत ऊस पडतो, चरकांतून पिळला जातो, रस निवळून पुढे जातो आणि भल्या मोठ्या बंद पिंपांच्या एका रांगेपाशी येतो. इथे मी थबकलो. या पिंपांत रसातले पाऊण पाणी उडवायचे असते. पहिल्या पिंपाला वाफ देतात. त्यातल्या रसातून जी वाफ निघते ती हवेत सोडत नाहीत. ती दुसऱ्या पिंपाखाली नेतात. दुसऱ्याची वाफ तिसऱ्याला, तिसऱ्याची चौथ्याला. पुढच्या पिंपांतली हवा क्रमाने काढून घेतलेली असते, त्यामुळे दमलेल्या वाफेवरही तिथला रस उकळतो. आणि पहिल्या पिंपाला मिळणारी वाफ तरी ताजी कुठे असते? ती आधी टर्बाइन फिरवून आलेली असते, आणि बॉयलरमध्ये जळत असते पिळून निघालेले चिपाड.

म्हणजे हा वैलच की! एका चुलीला लावलेले चार वैल. मी तसे बोलूनही दाखवले. बरोबरचा जाणकार कामगार हसला आणि म्हणाला, "मालक, आमच्याकडं ह्याला इव्हॅपोरेटर म्हणत्यात, पर तुमचंबी चुकीचं न्हाई." ही युक्ती १८४० च्या दशकात अमेरिकेतल्या लुईझियानात नॉर्बर्ट रिलियू नावाच्या इंजिनियराने पेटंट घेऊन जगापुढे मांडली. त्याआधी तिकडे उघड्या कढयांची रांग लावून रस आटवत, त्यात लाकूड बेसुमार जळे आणि राबणारे गुलाम उकळत्या रसाने भाजत. पुढे साखरेचे दाणे पाडतात तेही निर्वात भांड्यात, ६०-७० अंशांच्या आसपास. जास्त तापली तर साखर करपते, रंग चढतो. कारखाना म्हणजे घाई, असे आपण धरून चालतो. पण आत डोकावले तर दिसते की तोही मंद आचेचाच भक्त आहे, आणि वाया जाणारी ऊब सोडायला तयार नाही.

परतताना नदीच्या बाजूला एक गुऱ्हाळ चालू होते, तिथेही उतरलो. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण ऊस कारखान्याकडे वळल्यापासून गुऱ्हाळघरे कमी होत चालली आहेत. इथला प्रकार कारखान्याच्या अगदी उलट. उघडी अवाढव्य काहील, खाली चुलवाण, आणि त्यात एक गडी सारखा वाळली चिपाडे सारतो आहे. रसात भेंडीच्या खोडाचे चिकट पाणी घालून मळी वर आणतात आणि झाऱ्याने काढून टाकतात. दोन-तीन तास जाळ चालतो. शेवटची काही मिनिटे मात्र सगळे गप्प होतात आणि गुळव्याकडे पाहतात. तापमान तेव्हा ११८ अंशांच्या आसपास असते असे पुस्तके सांगतात. गुळव्याजवळ तापमापक नसतो. तो पाकाचा थेंब पाण्यात टाकतो, बोटांनी गोळी वळून पाहतो आणि हात वर करतो, की काहील उतरली. एक मिनिट अलीकडे काकवी, एक मिनिट पलीकडे करपट. आम्हाला पानावर गरम गूळ मिळाला आणि पोरांना काहिलीचे खरपूस खरडलेले. पण मला आवडले ते निराळेच. आदण उतरल्यावर चुलवाणाच्या तोंडाशी राखेत कोणीतरी चार रताळी आणि दोन वांगी पुरून ठेवली होती. ती कोणाची, कधी ठेवली, कोणी विचारले नाही. तासाभराने एक बाई डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन आली, भारा उतरवला, राख बाजूला सारून आपली वांगी काढून घेतली आणि चालती झाली.

शेवटच्या सकाळी सहाला उठलो तर परसात धूर दिसला. मला वाटले, मावशींनी हट्टाने चूल पेटवली. पण ती पाण्याची चूल होती. या भागात घरोघर अंघोळीचे पाणी अजून परसात, उघड्यावर, उसाचा पाला आणि चिपाडे जाळून तापवतात. जळण शेतातलेच आणि धूर आभाळात. साऱ्यांच्या अंघोळी उरकल्या. शाळेच्या घाईतल्या वहिनी पदर खोचून बाहेर आल्या, हंडा उतरवला, विस्तवावर दोन शेणी मोडून टाकल्या, एक जाड बुडाचे पातेले त्यावर ठेवले, झाकणावर तवा पालथा घातला आणि कडेने राख ओढली. सगळे मिळून तीन मिनिटे.

"आज काय आहे?" मी विचारले.

"आख्खा मसूर," त्या म्हणाल्या. "साडेअकराच्या सुट्टीत येते मी, तवर होतोय. आत्तींना बसायला नको, धूर नको. गेलं वर्षभर असंच करतोय आम्ही. आठवड्यातून दोनदा."

मला हे पाच दिवसांत कोणी सांगितले नव्हते. परवाच्या वादात तर नाहीच. सांगण्यासारखे त्यात काही आहे असे त्यांना वाटलेच नसावे.

शहरातल्या वाचकांना चूल नाही, वैल नाही आणि पाण्याला गीझर. त्यांनी काय करावे? जुन्या मंडळींना इकमिक कुकर आठवत असेल. १९१० साली कलकत्त्याच्या डॉ. इंदुमाधव मलिक यांनी तो काढला. डब्यावर डबा, भोवती नळकांड्यासारखे आवरण आणि तळाशी मूठभर कोळशाची शेगडी. सकाळी लावून कचेरीला जावे आणि दुपारी वरण-भात-भाजी तयार. १९५९ पासून हॉकिन्स आणि प्रेस्टिज यांचे शिट्टीचे कुकर आले आणि इकमिक माळ्यावर गेला. पण त्याहूनही सोपी एक गोष्ट आहे. महायुद्धांच्या काळात इंधन मिळेना, तेव्हा युरोपातल्या गृहिणी उकळते भांडे गवताने भरलेल्या पेटीत घालून ठेवत. आमच्या सौभाग्यवतींनी परतल्यावर तोच प्रयोग केला. भिजवलेला मसूर पातेले भरून, दहा मिनिटे खळखळून उकळवला, झाकण घट्ट लावून पातेले दोन जुन्या दुलयांत गुंडाळले आणि लाकडी खोक्यात ठेवले. तीन तासांनी उघडले, पुन्हा एक उकळी दिली, वर फोडणी. दाणे शाबूत! वैलाची खरपूस छटा नाही, पण कुकरचा गाळही नाही. मात्र राजमा करणार असाल तर तो रात्रभर भिजवा, ते पाणी टाकून द्या आणि नव्या पाण्यात आधी निदान दहा मिनिटे खळखळून उकळाच. त्यात पोटाला बाधणारे एक द्रव्य असते, ते नुसत्या कोमट धगीने जात नाही. आणि मटण या खोक्यात ठेवण्याच्या फंदात पडू नका. ते मंद आचेवरच बरे, कोमट पडता कामा नये.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मावशींनी बासुंदी केली होती, तेवढे सांगायचे राहिले. गॅसवर नव्हे, परसातल्या त्याच पाण्याच्या चुलीवर. म्हशीचे तीन लिटर दूध. त्या खुर्ची घेऊन वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसल्या. वहिनींनी ती खुर्ची दोनदा हलवून धुरापासून लांब केली, आणि दर पाच मिनिटांनी उठून पलित्याने तळ ढवळायचे कामही त्यांनीच केले. मावशी नुसत्या सांगत होत्या: आता जाळ कमी, आता साय कडेला लाव, आता थांब. अंधार पडेपर्यंत हे चालले. तीन लिटरांचे लिटरभर उरले. साखर अगदी थोडी घातली. जायफळ मावशींनी स्वतः उगाळले, ते काम मात्र त्यांनी सुनेला दिले नाही.

त्या संध्याकाळी संस्थेत दूध घालायला मावशींचा नातू गेला होता, मीही बरोबर गेलो. किटली काट्यावर ठेवली, यंत्राने आकडे दाखवले. मापे घेणाऱ्या गड्याने चिठ्ठीकडे पाहिले, मग पोराकडे आणि मग माझ्याकडे.

"तीन लिटर कमी हाय," तो म्हणाला. "पाव्हणं आल्यात जणू?"